गळ्याचा साचा

आधी एक सांगून ठेवते. मी ओरडत नाहीये म्हणून मी शांत आहे असं कुणी समजू नका. माझा गळाच उरलेला नाही. ऑपरेशनमध्ये एक नस दुखावली, आणि आता जे निघतं ते हे असं, सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटल्यासारखं. नाहीतर ही सगळी हकीकत मी अशा आवाजात सांगितली असती की शेजारच्या गल्लीला वेगळी सांगायची गरज पडली नसती.

मी सुवर्णा बागल. बार्शी डेपोत कंडक्टर. गच्च भरलेल्या गाडीत पुढे उभं राहून मागच्या बाकावरच्या माणसाला मी हाक मारली की तो झोपेतून उठून सुटे पैसे काढायचा. ड्रायव्हर काशीद म्हणायचे, "बाई, तुम्ही गाडीत असल्यावर हॉर्न कशाला लागतोय?" मला त्याचं कौतुक वाटायचं. बाईचा आवाज मोठा म्हणून लहानपणापासून बोलणी खाल्लेली; त्याच आवाजावर मी पोट भरलं आणि पोराला शिकवलं.

डेपोतल्या आम्हा बायकांची भिशी होती. कंडक्टर, वर्कशॉपवाल्या, कॅन्टीनवाल्या, हिशेब खात्यातल्या. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. चिठ्ठी काढायची जयश्री कापसेने आणि पैसे सांभाळायचे मी. जयश्री वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन, माझ्याबरोबरच डेपोत लागलेली. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरची चूल हिनेच सांभाळली. पैसे माझ्याकडे का, तर कंडक्टरचा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो. ड्यूटी संपली की बॅग मोजायची. कमी भरली तर आपल्या खिशातून घालायची. कुणी चोरली, कुठे पडली, मशीन बिघडलं, हे कुणी विचारत नाही. बॅग माझ्या खांद्यावर होती ना? मग संपलं.

पुढे पगारातले भत्ते डिजिटल नाण्यांत यायला लागले आणि नोटा दिसेनाशा झाल्या. भिशी ठेवायची कुठे हा प्रश्न पडला. तेवढ्यात संक्रांतीला 'बोलगाठ' नावाच्या कंपनीने डेपोच्या कॅन्टीनमध्ये हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून स्टीलचे डबे, तिळगूळ, गजरे. पुण्याहून आलेली एक पोरगी नऊवारी नेसून, पदर सावरत सावरत सांगत होती, "काकू, पासवर्ड विसरायची भीती नाही. किल्ली तुमच्या गळ्यात!"

ती काय सांगत होती ते मला पुढे नीट समजून घ्यावं लागलं, म्हणून तुम्हालाही सांगते. आवाज निघतो गळ्यातल्या दोन पट्ट्या थरथरतात त्यातून. त्याला रंग येतो वरच्या पोकळीत: घशाची लांबी, टाळूची कमान, नाकातली वाट, दातांची ठेवण. पट्ट्यांची थरथर आणि पोकळीचं माप, दोन्ही मिळून प्रत्येकाचं निराळं. बोलगाठचं यंत्र ते ऐकून ओळखायचं आणि त्यापासून एक लांबलचक आकडा तयार करायचं. सर्दी झाली तरी तोच आकडा यावा म्हणून मध्ये थोडीफार तफावत पोटात घालणारं गणित होतं. रोजचा प्रवासी मफलर गुंडाळून आला तरी आपण त्याला ओळखतोच की, तसं. आकडा साठवायचा नाही. आपण ठरलेलं वाक्य बोललो की तयार होतो, गाठ, म्हणजे त्यांची तिजोरी, सुटते, आकडा पुसला जातो.

आणि तो आकडा म्हणजेच सगळं. कारण डिजिटल नाणं म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांनी मिळून ठेवलेली एक नोंद. अमुक नाणी अमुक आकड्याची. ज्याने आकडा दिला त्याची नाणी. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही, आणि एकदा नाणं गेलं की परत मागायला खिडकी नाही.

"आमचा आवाज तुमच्याकडे राहतो का?" मी त्या पोरीला विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"छे हो काकू. यंत्राला तुमचा गळा शिकवायला तासभर बोलून घेतो आम्ही. शिकून झालं की रेकॉर्डिंग पुसतो."

गाठ सोडायला एक वाक्य हवं होतं, जन्मात विसरणार नाही असं. झालं! बायकांनी आपापल्या गाठीसाठी लग्नातले उखाणे काढले. जयश्री लाजत लाजत म्हणाली, "तारेला जोडली तार, लागला दिवा लख्ख, महादेवरावांच्या घरात सगळा माझाच हक्क." कॅन्टीन हसून हसून दमलं. मला कुणी उखाणा घे म्हणालं नाही. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला माझी खुर्ची कडेला असते. भिशीचे पैसे सांभाळायला मी चालते, कुंकवाला चालत नाही. त्याचा राग वेगळा, तो पुन्हा कधीतरी. पण भिशीची मुख्य गाठ माझ्या आवाजावर बांधायची होती, म्हणून शेवटी माइक माझ्याकडे आला. मी उठले आणि गाडीत ओरडते तशी ओरडले, "पानगाव, वैराग, राळेरास, शेळगाव, वडाळा, नान्नज, कारंबा, सोलापूर! चला पुढे सरका!"

त्या पोरीने कानांवर हात घेतले. यंत्राने मात्र लगेच शिकून घेतलं.

*

पुढच्या पावसाळ्यात गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "बाई, गाठ साधी निघाली, जिवाला धोका नाही. पण आवाजाची एक नस दुखावली. एक पट्टी आता हलत नाही. पहिला आवाज येईल असं मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर मी फोन काढला आणि थांब्यांची नावं घेतली. फोन म्हणाला, आवाज जुळत नाही. पुन्हा घेतली. जुळत नाही. आपलीच तिजोरी आपल्याला ओळखत नाही, कसं वाटत असेल सांगा. मी त्याच दिवशी कंपनीला कळवलं. उत्तर आलं, नव्याने नोंदणी करा, तारीख पुढल्या महिन्यातली मिळेल.

ती तारीख यायच्या आत भिशी रिकामी झाली. एका सोमवारी दुपारी सगळ्या बायकांचे फोन एकदम वाजले: मुख्य सदस्य सुवर्णा बागल यांनी संपूर्ण रक्कम काढली. आवाज जुळला.

मी डेपोच्या विश्रांतीगृहात पोचले तेव्हा सगळ्या जमल्या होत्या. कुणी बसा म्हणालं नाही. जयश्रीने हातातला फोन माझ्यापुढे धरला. या महिन्याची चिठ्ठी तिची निघाली होती. तिच्या लेकीची नर्सिंगची फी त्यातून भरायची होती.

"हे काय आहे सुवर्णा?"

"मला काय माहीत? मला तर उघडतच नाही ती. मी कळवलंय कंपनीला."

"त्यांना विचारलं मी. ते म्हणतात, आवाज शंभर टक्के तुझा. मी म्हणाले, अहो, तिचा आवाज गेलाय. तर म्हणतात..." ती थांबली. मग एकदम बोलून मोकळी झाली. "ते म्हणतात, ऑपरेशनच्या आधी तू स्वतःचा आवाज भरून ठेवला असशील. आणि आता ऑपरेशनचं निमित्त."

मला ओरडायचं होतं. देवाशपथ सांगते, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. समोर वीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी उभ्या, आणि मी मासा पाण्याबाहेर काढल्यासारखी तोंड उघडतेय, मिटतेय. माणूस खरं बोलतो तेव्हा त्याचा आवाज चढतो, असं लोकांना वाटतं. माझा चढला नाही. त्यांनी त्याचा अर्थ लावला.

"जयश्री, तुला तरी..."

"मला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं वर्ष जाणार आहे."

त्या संध्याकाळी पोलिसात तक्रार गेली, माझ्याविरुद्ध. कंपनीने त्या तक्रारीला एक प्रमाणपत्र जोडलं, छान शिक्क्याचं, खाली सही 'विश्वास अधिकारी, ऋत्विज देवस्थळी'. बघा, कंपनीत विश्वासाला सुद्धा एक अधिकारी होता! कायद्यात आवाजाची जुळणी सहीच्या बरोबरीची झाली होती. म्हणजे मी न केलेली सही माझी ठरली. सोलापूरच्या डिजिटल ठेव लवादात तारीख लागली. तिथे 'बागल हिनेच काढले' असं कायम झालं की मग फौजदारी, आणि आमच्या खात्यात अफरातफरीचा डाग लागलेला कंडक्टर गाडीवर चढत नाही. नोकरी गेली असती तर मी धुणीभांडी केली असती हो. पण डेपोच्या दारातून बाहेर पडताना वॉचमनने सुद्धा माझ्याकडे बघून मान वळवली, ते मला सहन होईना. चोर! मी! कमी भरलेली बॅग ज्या बाईने मुलाच्या दुधाच्या पैशांतून पुरी केली, ती चोर!

कंपनीला फोन केला की एक गोड आवाज यायचा. "तुमची नाराजी आम्हाला समजते." मी विचारायचे, माणूस आहे का तिथे? "मी तुमची कशी मदत करू?" माणूस दे गं बाई. "तुमची नाराजी आम्हाला समजते." एकदा मी फोन भिंतीवर फेकला. फुटला. नवीन घ्यावा लागला, तो खर्च वेगळा.

*

ऑपरेशननंतर मला गाडीवर ड्यूटी नव्हती. भिशी जायच्या थोडं आधीच सोलापूर मार्गावर नव्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या, बिनकंडक्टरच्या. तिकीट यंत्र देतं आणि थांबेही यंत्रच पुकारतं. गळा दाखवायला सोलापूरला निघाले तेव्हा अशाच एका गाडीत चढले. चालवायला काशीदच होते. मी पुढच्या बाकावर बसले. काशीद माझ्याशी बोलत होते, एवढंच डेपोत उरलं होतं.

गाडी बार्शीच्या बाहेर पडली. छतातून आवाज आला.

"पानगाव! पानगाववाले दाराशी या! चला, पुढे सरका!"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

नुसता तसा आवाज नव्हता, माझाच होता. 'सरका' म्हणताना मी 'र' जरा ओढते, तो सुद्धा तसाच ओढलेला. मागे कुणीतरी म्हातारा म्हणाला, "लई झ्याक बाई ठेवलीय पुकारायला." काशीदनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पानगावच्या थांब्यावर गाडी उभी केली ती सोडलीच नाही.

"बाई, या गाडीवर येऊन चार दिवस झाले, रोज हे ऐकतोय. मला वाटलं तुम्हीच आवाज दिलाय, पैसे घेऊन. म्हणलं बरं झालं, बिचारीला तेवढाच आधार."

"मी?" मी म्हणाले. "काशीद, मी कुणाला काही दिलं नाही. कुठून आला हा?"

त्यांनी डॅशबोर्डचा पडदा चाळला. बनवलेल्या आवाजाचं मूळ लिहून ठेवायचा नियम आलाय ना आता, तेवढा एक नियम कुणा शहाण्याने केला म्हणून मी वाचले. खाली बारीक अक्षरात होतं: आवाजसंच पुरवठा, बोलगाठ.

मी तशीच बसून राहिले. गाडी वैरागला आली, माझ्याच आवाजाने वैराग म्हणाली. राळेरास म्हणाली. एकेक थांबा येत गेला, नान्नज, कारंबा, आणि सगळं वाक्य पुरं झालं. आमच्या भिशीची किल्ली होती ती! दिवसातून किती खेपा, किती गाड्या, आणि प्रत्येक गाडीत माझ्याच गळ्याने ती किल्ली भर रस्त्याने ओरडून सांगितली जात होती. ज्याच्या हाती मोबाईल त्याने भरून घ्यावी.

गळ्याचा साचा म्हणतात त्याला, ते मला नंतर कळलं. तासभराचं बोलणं हाताशी असेल तर संगणक तुमच्या पट्ट्यांची थरथर आणि पोकळीची मापं काढून तुमचा गळाच गणितात बांधतो. मग त्याच्याकडून काहीही बोलवून घ्या, अगदी ठरलेलं वाक्यही, आणि आकडा तोच येतो. पुसतो म्हणाले होते ते रेकॉर्डिंग यांनी पुसलं नव्हतं. त्याचे साचे करून विकले होते. माझं काम गेलं ते माझ्याच आवाजाने घेतलं, आणि वर त्याच आवाजाने मला चोर केलं. मी काशीदना म्हणाले, पुढल्या खेपेला बार्शीहून सोलापूरपर्यंतचं सगळं पुन्हा वाजेल तेव्हा भरून ठेवा. ते म्हणाले, "भरतो की. कोर्टात यायला पण तयार आहे, रजा टाकतो."

मी सगळं लिहून लवादाला पाठवलं. एक प्रत जयश्रीच्या घरी दाराखालून सरकवली. तिने फोन केला नाही.

*

तारखेच्या दिवशी लवादाच्या बाहेर जिन्यापाशी एक गोरा, उंच माणूस उभा होता. हसून म्हणाला, "सुवर्णाताई ना? मी ऋत्विज देवस्थळी." पलीकडच्या बाकावर जयश्री बसली होती, भिशीतर्फे साक्षीला आलेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

देवस्थळींनी मला बाजूला घेतलं. बोलणं मऊ, पाणी विचारलं, चहा विचारला. "ताई, तुम्हाला झालेल्या त्रासाचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. मी आजच हे मिटवायला आलोय. तुमच्या भिशीची पूर्ण रक्कम संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या खात्यात."

"मग चूक तुमची होती तर?"

"तसं नाही म्हणता येणार. बघा, आवाजसंच कुणाला द्यायचे हे आमच्याकडे कुणी माणूस ठरवत नाही. ते काम स्वयंचलित आहे. एक प्रणाली दुसऱ्या प्रणालीला परवाना देते. कुणी एक जबाबदार असं दाखवता येत नाही."

"साहेब, प्रणालीच्या खांद्यावर बॅग होती का?"

"अं?"

"आमच्याकडे तिकिटाचं मशीन बिघडून बॅग कमी भरली तर मी भरते. मशीनला कुणी मेमो देत नाही."

तो हसला. मला त्याचं हसणं अजून आठवतं, त्यात वाईटपणा काही नव्हता, नुसतं काही ऐकूच आलं नव्हतं. त्याने कागद पुढे केला. कंपनी केवळ सौजन्य म्हणून रक्कम देत आहे. रक्कम सदस्य बागल यांच्या आवाजाने निघाल्याचे सदस्याला मान्य आहे. आवाजसंचाबाबत सदस्य कुठेही बोलणार नाही.

"पोलीस तक्रार?" मी विचारलं.

"पैसे परत आल्यावर ती आपोआप थंड पडते. नोंद राहील, पण नोंदीकडे कोण बघतं?"

मी तो कागद घेऊन उभी राहिले. मला कॅन्टीनमधली पार्वती आठवली, तिच्या घराचं पत्र्याचं काम अडलंय. जयश्रीची पोरगी घरी बसलीय. मी आत जाऊन भांडले तर पैसे कधी मिळणार? कंपनीकडे वकिलांची फौज, वर्षं लावतील. आणि मी सही केली तर? तर संध्याकाळी सगळ्यांच्या हातात पैसे, आणि जन्मभर मी ती बाई, जिने चोरून परत दिले. होऊ दे. वॉचमन मान वळवतो तर वळवू दे. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं.

"काय लिहिलंय त्यात?"

जयश्री उठून आली होती. देवस्थळी म्हणाले, "हे तुमच्याच फायद्याचं आहे मॅडम." तिने माझ्या हातातून कागद ओढला आणि वाचला, ओठ हलवत, एकेक ओळ. मग माझ्याकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"तू ह्यावर सही करणार होतीस?"

"तुझ्या पोरीची फी..."

"येडी आहेस का गं तू? फी गेली खड्ड्यात!" ती एवढ्या जोरात ओरडली की जिन्यावरचे लोक थांबले. "ह्यांच्याच कागदावर विसंबून मी तुला चोर म्हणाले. तुझी चिठ्ठी वाचून रात्रंदिवस तळमळतेय मी, तुझ्या दारात यायला तोंड नव्हतं. आणि आता परत तोच कागद? परत तेच खोटं, आणि ह्या खेपेला तुझ्याच सहीने?" ती देवस्थळींकडे वळली. "सौजन्य म्हणे! आमचेच पैसे आम्हाला द्यायला सौजन्य? लाज वाटत नाही?"

"मॅडम, आवाज खाली..."

"का? तिचा खाली गेलाय, माझा आहे अजून वर!"

तिने कागदाचे दोन तुकडे केले आणि त्याच्या हातात दिले. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी तिला म्हणाले, "चिठ्ठी वाचल्याबरोबर फोन करायला काय झालं होतं तुला?" ती म्हणाली, "भांड नंतर. आत चल."

*

लवाद अधिकारी बिराजदार मॅडम होत्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. तिथे आता लिहून घ्यायला माणूस नसतो. यंत्र ऐकतं, कोण बोललं ते आवाजावरून ओळखतं आणि नोंद करतं. म्हणून प्रत्येकाने साक्षीआधी माइकपुढे चार ओळी वाचून आपला आवाज द्यायचा.

मी दिला. जसा होता तसा. मग माझा फोन टेबलावर ठेवला आणि त्या ट्यूबच्या आवाजात थांब्यांची नावं घेतली. आवाज जुळत नाही. काशीदनी त्यांचा फोन त्याच्याशेजारी धरला आणि गाडीत भरलेली नावं एकामागे एक जोडून वाजवली. खोलीभर माझा जुना आवाज घुमला. "पानगाव, वैराग, राळेरास..." मॅडमनी चष्मा काढला. माझ्या फोनवर हिरवा दिवा लागला: आवाज जुळला. गाठ सुटली. आत काहीच नव्हतं, पण सुटली.

जयश्रीनेही आवाज दिला आणि सांगितलं की हळदीकुंकवाला मी रेकॉर्डिंगचं विचारलं होतं आणि पुसतो असं उत्तर सगळ्यांनी ऐकलं होतं.

"देवस्थळी," मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही. मला एकच विचारायचं आहे. नोंदणीची रेकॉर्डिंग पुसली जातात की नाही? या माइकपुढे आवाज द्या आणि उत्तर द्या."

तो उठला. माइकपाशी आला. समोरच्या पडद्यावर त्याने वाचायच्या चार ओळी होत्या, साध्या, आकाश निळे आहे वगैरे. त्याने त्या बघितल्या. मग माइकच्या खाली बघितलं, तिथे ते यंत्र बनवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं.

"मॅडम, मी लेखी दिलं तर चालेल का?"

"का?"

"नाही म्हणजे... हे रेकॉर्डिंग नंतर कुठे जातं, त्याची मला कल्पना नाही."

जयश्रीने माझा दंड एवढा घट्ट धरला की दुखलं. मॅडमनी चष्मा परत लावला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या कंपनीने लाखो लोकांचा आवाज घेतलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कंपनीचे विश्वास अधिकारी. आणि चार ओळी वाचायला तुम्ही तयार नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. "माझा तसा अर्थ नव्हता. मी फक्त नोकरी करतो मॅडम."

"मीही," मी म्हणाले. ते यंत्राने नोंदवलं की नाही मला माहीत नाही.

मॅडमनी आदेश सांगायला सुरुवात केली. प्रतिनिधीने आवाज देण्यास नकार दिला, नकाराचे कारण नोंदवण्यात यावे. रक्कम भरपाईसह परत करावी. आवाजसंच तात्काळ बंद करावेत. प्रमाणपत्रावर सही करणारे अधिकारी श्री. देवस्थळी यांना व्यक्तिशः जबाबदार का धरू नये याचा खुलासा द्यावा. तो मध्येच म्हणाला, "व्यक्तिशः?" त्या थांबल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, "सदस्य सुवर्णा बागल यांनी रक्कम काढली, ही नोंद रद्द करण्यात येत आहे. ती नोंद खोटी होती."

कंपनी अपिलात जाणार, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. पैसे नेमके कुणी नेले ते अजून कुणाला कळलेलं नाही, आणि कधी हातात पडतील देव जाणे. मी उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, काय हवंय?

"ते शेवटचं," मी म्हणाले. घसा जळत होता. "ते शेवटचं पुन्हा वाचा मॅडम. मोठ्याने वाचा. मला येत नाही आता."

त्यांनी दार उघडायला सांगितलं, बाहेरच्या जिन्यापर्यंत जाईल एवढा आवाज काढला, आणि वाचलं.